काळ्या साडीतली देवी

विश्वनाथ टिपणीसांनी आडनावाला जागून आयुष्यभर टिपणं लिहिली. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि गाझियाबादला वसुंधरेत सोसायटीच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा टेम्पोत भांड्यांपेक्षा फायलीच जास्त होत्या. गॅसची फाईल, टेलिफोनची फाईल, वासंतीबाईंच्या दातांचीसुद्धा फाईल. घरात काही प्रश्न निघाला की ते आधी सगळं वाचून काढत, मग विचार करत आणि मग निर्णय देत. बायकोला विचारायची पद्धत कचेरीत नव्हती, म्हणून घरातही नव्हती. वासंतीबाईंनी ते सगळी वर्षं हसण्यावारी नेलं. आमच्याकडे सगळं वरून सही होऊनच येतं, असं त्या महिला मंडळातल्या बायकांना सांगत आणि पोळ्या लाटायला लागत.

पण दोन हजार तीनच्या सप्टेंबरात एक निर्णय असा झाला की तो हसण्यावारी नेता येईना.

उन्मेष हा त्यांचा एकुलता एक मुलगा. दिल्लीत जन्मला, दिल्लीत वाढला, त्यामुळे त्याचं मराठी म्हणजे खिचडीच होती. गुडगावला रातोरात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत तो नोकरीला लागला. परदेशातल्या लोकांच्या फोनवरच्या तक्रारी इथून निस्तरायच्या, असलं काहीतरी ते काम होतं. विश्वनाथरावांना ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण पगार कळला होता. कंपनीने मनिलाला दुसरं ऑफिस उघडलं आणि तिथल्या पोरांना शिकवायला उन्मेषला वर्षभरासाठी पाठवलं. जानेवारीत आई-बाबांना बोलवायचं, असं त्याने तिथे पोचल्यावर महिन्याभरातच ठरवलं. तिकिटं काढली, सतरा जानेवारीची. इकडे या दोघांनी जन्मात पहिल्यांदा पासपोर्टचे अर्ज भरले.

सप्टेंबरातल्या एका दुपारी वासंतीबाई मदर डेअरीवर दूध आणायला गेल्या होत्या, तेव्हा फोन आला. गुडगावच्या ऑफिसातला कोणीतरी साहेब होता. उन्मेषला ताप आहे हे घरी माहीत होतं; तो डेंग्यूचा निघाला, आणि त्या पहाटे पोरगा गेला होता. साहेब अडखळत बोलत होता. पासपोर्ट हातात नसल्यामुळे आई-वडिलांना लगेच येता येणार नव्हतं. देह इकडे आणायचा तर कागदपत्रांत आठ-दहा दिवस जाणार. नाहीतर तिथेच दहन करता येईल, त्याच्याबरोबर राहणारा इंद्रजित नावाचा पुण्याचा मुलगा सगळं विधिवत करेल. काय करायचं ते आत्ता सांगाल का, असं साहेबाने विचारलं. विश्वनाथरावांचं डोकं सवयीने चालायला लागलं. आठ-दहा दिवस म्हणजे फार झाले. ते म्हणाले, हो, तिथेच करा.

वासंतीबाई दुधाची पिशवी आणि पालकाची जुडी घेऊन घरात आल्या, तेव्हा निर्णय होऊन गेला होता.

त्या रडल्या नाहीत. पुण्याहून नातेवाईक आले, त्यांनी रड म्हणून समजावलं, रडत नाही म्हणून मागून नावंही ठेवली. आठवड्याने कंपनीची दोन माणसं एक पांढरी चिनी मातीची बरणी घेऊन दारात उभी राहिली. विश्वनाथरावांनी अस्थी गंगेत सोडायला दुसऱ्या दिवशी गढमुक्तेश्वरला जायची गाडी ठरवली. वासंतीबाईंनी बरणी उचलली, उन्मेषच्या कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

"तुम्ही पाहिलंत त्याला? मी पाहिलं? मग हे कुणाचं आहे कुणास ठाऊक," असं म्हणून त्या कणीक मळायला बसल्या.

तेराव्याच्या दिवशी, भटजी निघता निघता, पोस्टमन दोन पासपोर्ट घेऊन आला.

त्यानंतरचे चार महिने त्या घरात कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. बरणी कपाटात, किल्ली कमरेला. विश्वनाथरावांनी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांना जेवायला वाढलंय एवढंच उत्तर मिळालं. पोरगा गेला हे दुःख होतंच. त्यात घरातलं माणूस समोर बसून हरवलेलं. आपण त्या दुपारी दहा मिनिटं थांबलो असतो, असं त्यांना रोज वाटे. मदर डेअरी चौकातच तर होती. पण हे बोलून दाखवायचं कसं, ते त्यांना येत नव्हतं.

जानेवारी लागला. उन्मेषने काढलेली तिकिटं तशीच होती. ती रद्द करावीत असं टिपण विश्वनाथरावांच्या डोक्यात तयार झालं होतं, तेवढ्यात वासंतीबाई म्हणाल्या की आपण जायचं. वर्षभर सण नसल्यामुळे संक्रांत झाली नव्हती. इमारतीतल्या मराठी बायका तिळगूळ द्यावा की नाही या पेचात जिन्यावरून परत गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी करोल बागेत जाऊन दोघांनी चाकांची बॅग आणली. वासंतीबाईंनी त्या बॅगेत सगळ्यात आधी एक कापडी पिशवी ठेवली. विश्वनाथरावांनी उघडून पाहिलं, तर आत तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम आणि हिरवा खण.

म्हणजे ओटीचं सामान. त्यांनी सांगून पाहिलं की आपल्याला वर्षाच्या आत असलं काही चालत नाही. वासंतीबाईंनी 'उन्मेष' अशी चिठ्ठी लावलेली फाईल काढली आणि त्यातला एक कागद त्यांच्यापुढे धरला. पोराचे मेल विश्वनाथराव बाजारातल्या सायबर कॅफेतून छापून आणत आणि तारीखवार लावत, त्यातला हा ऑगस्टमधला होता:

"आई, इथे एक बहुत जुना चर्च आहे, स्पॅनिश लोकांनी बांधलेला. आत देवी आहे यार, काळी साडी नेसलेली, गोल्डन बॉर्डरवाली. तू संक्रांतीला नेसतेस ना, बिल्कुल तशी. तू येशील तेव्हा ते नारळ-तांदूळवालं घेऊन ये. आपण तिला देऊ."

ओटी हा शब्द पोराला आठवला नव्हता. तो मेल आला तेव्हा त्यावरून दोघं पोट धरून हसली होती.

"त्याने सांगितलंय ते मी करणार. बाकीचं मला सांगू नका," वासंतीबाई म्हणाल्या. विश्वनाथरावांनी फाईल जागेवर ठेवली.

दिल्लीच्या धुक्यातून विमान सहा तास उशिरा निघालं. मनिलात उतरल्यावर उकाड्याने जीव नकोसा झाला. इंद्रजित विमानतळावर आला होता. काडीपैलवान, चष्मेवाला पोरगा. तो पाया पडायला वाकला आणि त्याला लवकर उठताच येईना. त्याच्या घरी उन्मेषची खोली होती तशीच होती: भिंतीला कॅलेंडर, पलंगाखाली बूट, ओट्यावर वासंतीबाईंनीच दिलेला तीन लिटरचा कुकर. त्यांनी तो कुकर घासला आणि त्यात मुगाची खिचडी केली. जेवताना त्यांनी इंद्रजितला एवढंच विचारलं की शेवटी तू त्याचा चेहरा पाहिलास का, आणि तो बदलला होता का. इंद्रजित म्हणाला, पाहिला काकू, नव्हता बदलला. वासंतीबाईंनी मान हलवली. पटल्याची ती मान नव्हती, हे विश्वनाथरावांना बरोबर कळलं.

ते चर्च मनिलापासून दोन तासांवरच्या एका गावात होतं. वाटेत बाजार लागला. त्या देशात नारळाला काय तोटा. ढीगच्या ढीग पडले होते, पण सगळे सोलून गुळगुळीत केलेले. बिनशेंडीचा नारळ ओटीत घालायचा कसा? भर उन्हात शाल खांद्यावर टाकून वासंतीबाई दुकानं हिंडल्या. शेवटी एक म्हातारा लोखंडी सुळक्यावर नारळ सोलताना दिसला. त्यांनी त्याचा हात धरून थांबवला आणि आपल्या अंबाड्याकडे बोट दाखवून खुणेने सांगितलं की एवढी तरी शेंडी राहू दे. म्हाताऱ्याला काय समजलं देव जाणे, पण त्याने शेंडी ठेवली.

अडीचशे वर्षांपूर्वी स्पॅनिश साधूंनी बांधलेलं ते चर्च बुटकं आणि जाडजूड होतं. इथे भूकंप फार, म्हणून उंच बांधत नसत, असं इंद्रजितने सांगितलं. खिडक्यांना काचांऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवले होते, त्यातून दुधट उजेड आत येत होता. बसमधून उतरलेले जपानी पर्यटक भराभर फोटो काढत होते. वासंतीबाईंनी दाराशी चपला काढल्या. इथे काढायच्या नसतात काकू, असं इंद्रजित म्हणाला, पण देवाच्या दारात पायताण घालून त्या कधी गेल्या नव्हत्या, आता कशाला जातील? विश्वनाथरावांनीही बूट काढले. मात्र एकाहत्तर साली बिर्ला मंदिराबाहेर त्यांचे नवे कोरे बूट गेले होते, तेव्हापासून त्यांचा कुठल्याच देवाच्या शेजाऱ्यांवर विश्वास नव्हता. दोघांच्या वहाणा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरल्या.

दाराशी माहितीपत्रकं ठेवलेली होती. वासंतीबाई पुढे गेल्या आणि विश्वनाथरावांनी सवयीप्रमाणे एक उचलून उभ्या उभ्या वाचून काढलं. चुनखडीचा दगड, घंटा, लाकडी छत. तिसऱ्या घडीत देवीचा फोटो होता. ती कोणी सणाची साडी नेसलेली देवी नव्हती. मुलाच्या, म्हणजे येशूच्या, मरणानंतरची ती मरियम होती. स्पेनमधल्या विधवा सुतकात जसा काळा पोशाख करत, तसा तिला चढवला होता, आणि तो ती वर्षाचे बारा महिने उतरवत नसे. मुलगा गमावलेल्या आया लांबून तिच्याकडे येतात, असंही लिहिलं होतं.

विश्वनाथरावांच्या काखेतला एक बूट खाली पडला. संक्रांतीचं काळं आणि सुतकाचं काळं, पोराला फरक कुठून कळणार? त्याला फक्त आईची साडी आठवली. आणि आता ती बाई ओटीचं सामान घेऊन थेट तिकडेच निघाली होती. मुलगा गेलेल्या आईची ओटी भरायला, मुलगा गेलेली आई. हे कळलं तर ती इथेच कोसळेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी पत्रक चार घड्या करून खिशात कोंबलं आणि इंद्रजितला बाजूला घेऊन बजावलं की काकूंना या मूर्तीबद्दल एक अक्षर सांगायचं नाही. इंद्रजितने हो म्हटलं. निर्णय झाला.

जमिनीत जुन्या पाद्र्यांच्या समाध्या बसवलेल्या होत्या. वासंतीबाई त्यांच्यावर पाय न देता कडेकडेने चालत डावीकडच्या देवळीपाशी पोचल्या. मूर्ती माणसाएवढी होती. काळी मखमल, सोनेरी जर, हातात पांढरा रुमाल. वासंतीबाई कठड्याशी उभ्या राहून निरखत राहिल्या. देवीच्या छातीत चांदीची कट्यार रुतलेली होती. गालांवर काचेचे थेंब चिकटवलेले होते.

मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "अहो, हिचं कोण गेलं?"

इंद्रजित जमिनीकडे बघायला लागला. विश्वनाथरावांनी खिशातलं पत्रक चाचपलं. माहीत नाही म्हणणं सोपं होतं. कुठल्यातरी संताची गोष्ट सांगणंही सोपं होतं. पण तिच्या पाठीकडे पाहताना त्यांना दाराशी आलेली दुधाची पिशवी आठवली, पालकाची जुडी आठवली.

"मुलगा," ते म्हणाले.

वासंतीबाईंनी मान डोलावली, जणू हेच त्या धरून चालल्या होत्या.

"मी त्या दिवशी तुला विचारायला हवं होतं," विश्वनाथराव म्हणाले. "तू खाली चौकात होतीस. मी थांबायला हवं होतं."

"हो. विचारायला हवं होतं," वासंतीबाई म्हणाल्या. त्यात क्षमा नव्हती, पण चार महिन्यांत पहिल्यांदाच त्या त्यांच्या डोळ्यांत बघून बोलल्या होत्या. मग त्या पुन्हा मूर्तीकडे वळल्या. "हिची ओटी कोण भरणार? असल्या बाईची कुणी भरत नाही."

त्यांनी कठड्यावर खण पसरला. नारळ ठेवला, शेंडी देवीकडे करून. हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. मग ओंजळीने तांदूळ, एकदा, दोनदा, पाच वेळा. जपानी पर्यटकांपैकी एकाने कॅमेरा उचलला आणि काय वाटलं कोण जाणे, परत खाली घेतला.

तेवढ्यात आतून एक ठेंगणी म्हातारी केरसुणी घेऊन आली. तिथे आजीला लोला म्हणतात. ही लोला देवळी झाडायची, फुलं बदलायची. तांदूळ पाहून ती काहीतरी पुटपुटली. खायचं काही इथे ठेवता येत नाही, मुंग्या येतात, लाकूड पोखरतात, असं ती म्हणते आहे, हे इंद्रजितने अवघडून सांगितलं. विश्वनाथराव पुढे झाले. पण लोलाने वासंतीबाईंचं कुंकू पाहिलं, अनवाणी पाय पाहिले आणि कोरडा चेहरा पाहिला. रोज तिथे आया येत, तिला काही सांगावं लागलं नसणार. तिने केरसुणी भिंतीला टेकवली. हिरवा खण तेवढा झटकून देवीच्या पायाशी ठेवला. मग कठड्यावरचे तांदूळ दोन्ही हातांनी गोळा केले आणि वासंतीबाईंपुढे धरले.

वासंतीबाईंनी पदर पसरला. विचार करून नाही. ओंजळ समोर आली की बायकांचा पदर आपोआप पुढे होतो. लोलाने ओंजळ पदरात ओतली. पुन्हा गोळा केले, पुन्हा ओतली. वर नारळ ठेवला. त्या घरात वर्षभर कुणी वासंतीबाईंची ओटी भरणार नव्हतं, आणि लेकुरवाळी म्हणून तर आता कधीच नाही. सातासमुद्रापलीकडच्या एका परक्या म्हातारीने, ओटी म्हणजे काय हे माहीत नसताना, ती भरली.

मग लोलाने कमरेचा रुमाल काढला, मूर्तीच्या हातातल्या रुमालाला लावला आणि वासंतीबाईंच्या गालांवरून फिरवला. तिथे येणाऱ्या प्रत्येकीला ती तसं करत असावी. रुमाल कोरडाच फिरला. दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा तो भिजला.

वासंतीबाई भरल्या पदरासकट खाली जमिनीवर बसल्या आणि रडल्या. आवाज त्या जाड भिंतींना आपटून परत येत होता. उन्मेष, उन्मेष, एवढंच त्या म्हणत होत्या. विश्वनाथराव त्यांच्याशेजारी बसले. काखेतलं वर्तमानपत्र सुटून चपला-बूट चारी दिशांना गेले, ते इंद्रजितने गोळा केले.

गाझियाबादला परतल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी वासंतीबाईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. गाडी सांगा, म्हणाल्या.

गढमुक्तेश्वरला ऊन कोवळं होतं आणि गंगा पार आत सरकली होती. विश्वनाथरावांनी होडी ठरवली. पंडाजी होडीत चढून बसले, त्यांनी बरणीकडे पाहिलं आणि रोजच्या सुरात विचारलं, "किसके फूल हैं?"

अस्थींना तिकडे फूल म्हणतात.

"मेरे बेटे के," वासंतीबाई म्हणाल्या. "उन्मेष नाम है."

मधल्या धारेत होडी थांबली. पंडाजींनी मंत्र म्हटले. वासंतीबाईंनी पदराची गाठ सोडली. लोलाने परत दिलेल्या तांदळातले मूठभर त्यांनी बरणीत वरून घातले. मग बरणी विश्वनाथरावांच्या हातात दिली. वडिलांनी सोडायचं, अशी रीत. ते काठावरून वाकले. पंडाजी म्हणाले, छोड़िए साहब. नावाडी म्हणाला, छोड़ दो बाबूजी, पानी का ज़ोर है.

विश्वनाथराव तसेच वाकलेले राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"सोडू?" त्यांनी विचारलं.

वासंतीबाईंनी हात लांब करून बरणीच्या पांढऱ्या पोटावर ठेवला, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि ठेवूनच राहिल्या. पंडाजींनी घड्याळ पाहिलं. नावाड्याने वल्हं दोनदा फिरवून होडी सरळ केली. काठावरच्या दुसऱ्या एका कुटुंबाचे विधी सुरू होऊन संपले. विश्वनाथरावांची कंबर भरून आली, दंड कापायला लागले, पण ते थांबले. आता त्यांना कुठलीच घाई नव्हती.

"सोडा," शेवटी वासंतीबाई म्हणाल्या, आणि हात त्यांनी काढला नाही. मग दोघांनी मिळून बरणी वाकवली.